तीन नंबरच्या पिक्चरमधली आई

"एकाच झोपडीत राहतात की नाही दोघी?"

"राहतात."

"एकाच चुलीवरचं खातात?"

"द्वारकाताई, लूप लावलाय. घेऊया ना?"

"आधी सांग मला. आई म्हणते, 'पोरी, पानी न्हाय.' पोरगी म्हणते, 'पाणी नाही का, आई?' एकाच माठापाशी उभ्या राहून! पोरगी काय पुण्याला हॉस्टेलात होती शिकायला?"

काचेपलीकडे डबिंग दिग्दर्शक निकेतनं कपाळावर हात मारला. सूरज रेकॉर्डिंगच्या खुर्चीत बसला होता. त्यानं स्क्रीनवरचा लूप, म्हणजे आवाज भरायचा पिक्चरचा तुकडा, थांबवला, तो नेमका आईचं तोंड उघडं असताना. सत्तर वर्षांपूर्वीची ती मेक्सिकन बाई तोंड उघडं ठेवून भाईंदरच्या केबिन रोडवरच्या या तिघांचं भांडण ऐकत राहिली.

"ती हिरॉईन आहे, ताई," निकेत म्हणाला.

"मग?"

"हिरॉईन 'न्हाय' नाही म्हणत."

"का? जीभ भाजते तिची?"

"प्रेक्षकानं तिच्या प्रेमात पडायचं असतं."

"आणि माझ्या?"

"तुमच्यावर हसायचं असतं," निकेत बोलून गेला. बोलल्यावर लक्षात आलं की टॉकबॅकचं बटण आपल्या अंगठ्याखाली दाबलेलंच आहे, आणि ते वाक्य द्वारकाच्या दोन्ही कानांत, हेडफोनमधून, अगदी स्वच्छ पोचलंय.

द्वारका हसली नाही. तिनं चष्मा काढला, ओढणीला पुसला, परत घातला. "बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं मी हा हिशेब चुकीचा करत होते."

स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर होता, मोबाइलच्या कव्हरांच्या दुकानावर. आवाज शोषणारा फोम चार भिंतींना लावला होता, पण पाचवी बाजू म्हणजे खालचा रस्ता, तिला कुणी फोम लावणार? खाली एक गाऊनवाला दिवसभर "दो सौ में दो, दो सौ में दो" करत उभा असे. तो श्वास घ्यायला थांबला की सूरज बोट वर करी आणि कलाकार संवाद म्हणत. कोरियातला राजवाडा, तुर्कस्तानातली हवेली, मद्रासचा गुंड, सगळे गेली कित्येक वर्षं गाऊनवाल्याच्या दोन श्वासांच्या मध्ये मराठी बोलत आलेत.

आणि त्यांच्यातल्या सगळ्या मोलकरणी द्वारकाच्या होत्या.

द्वारका भाईंदरजवळच्या मुर्ध्याची, आगरी घरातली. तिच्या आजाचं मिठागर होतं, बापाची, महिपतची, भातशेती होती, आणि तिच्या वाट्याला भाईंदर पश्चिमेला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आला होता. त्याच्या खिडकीतून दुसऱ्या इमारतीचा चौथा मजला दिसतो. गावच्या जत्रेच्या नाटकात ती बारा वर्षांची असल्यापासून उभी राहायची. हिरॉईनची मैत्रीण, हिरॉईनची वहिनी, आणि तिशी उलटल्यावर थेट हिरॉईनची सासू. मधलं काही नाही. नवरा सुभाष, पालिकेच्या बसवर कंडक्टर होता, आता घरी बसून टीव्ही बघतो. संध्याकाळी ती दारात आली की तो तिथूनच ओरडतो, "काल कोरियात मेलीस, आज दुपारी तुर्कस्तानात मेलीस. जेवायला तरी जिवंत हायस ना?"

तिचा आवाज भाईंदरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, नाव कुणालाच नाही. कारण एके काळी घंटागाडीवर जी बाई बोलायची, "नागरिकांनी कृपया ओला कचरा व सुका कचरा स्वतंत्र ठेवावा", ती हीच. काय ते उच्चार! 'स्वतंत्र'मधला प्रत्येक वर्ण जिन्यावरून पायरीपायरीनं उतरायचा. सोसायट्यांतल्या मास्तरणी आपल्या मुलांना सांगायच्या, बघा, मराठी असं बोलावं. तेव्हा शुद्ध बोलता येत नाही म्हणून द्वारकाच्या वाट्याला मोलकरणी येत होत्या, असं मुळीच नाही. तिचं शुद्ध मराठी कचऱ्यासाठी राखून ठेवलं होतं, आणि तिची घरची भाषा लोकांना हसवायला. वाटणी ठरलेली. तिनं विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं.

आता एका नव्या ॲपनं सात जुने मेक्सिकन पिक्चर घाऊक घेतले होते. घोडे, बंदुका, धुरळा, आणि मध्येच घोड्यावर बसून गाणं. मूळ नावं कुणाच्याच तोंडात बसेनात, म्हणून स्टुडिओत त्यांना नुसते नंबर पडले. सध्या तीन नंबर चालला होता.

तीन नंबरमध्ये हिरो चांदीच्या बटणांची तुमान घालतो. त्याची टोपी एवढी मोठी की तिच्या सावलीत कोळणीनं पाटी मांडून बसावं. हिरॉईन आदिवासी, म्हणजे गोष्टीत. प्रत्यक्षात ती मेमसाहेबासारखी गोरी होती. तिच्या तोंडाला काहीतरी काळपट चोपडलं होतं, दोन वेण्या घातल्या होत्या आणि पायांतली पायताणं काढून घेतली होती. झाली आदिवासी. कानांच्या मागे चोपडायचं राहून गेलं होतं, त्यामुळे ती हिरोच्या खांद्यावर डोकं टेकायला वळली की दोन रंगांची दिसायची. खरे आदिवासी होते ना, मागे. भिंतीला टेकलेले, घोड्याचा लगाम धरलेले, टोपी डोळ्यांवर ओढून झोपलेले. हिरॉईनची आई सोडली तर त्यांना संवाद नव्हते. असले तर "होय मालक" आणि "मालक आले". सातही पिक्चरांत मिळून एक चिनी धोबी होता आणि तो दर वेळी पाय घसरून हौदात पडायचा. काळा माणूस एकच, तोही ढोल वाजवताना, पाठमोरा. बायका दोन जातींच्या, देवळात रडणाऱ्या आणि गुत्त्यात नाचणाऱ्या.

"घोड्यावर बसेल तो गोरा, घोडा धरेल तो सावळा," द्वारका पहिल्याच दिवशी सूरजला म्हणाली होती. "घोड्याचंच काय ते बरं, त्याला दोघांचंही चालतं."

"मावशी, जुने पिक्चर असेच असतात."

"आणि नवे आवाज?"

नव्या आवाजांचं वाटप निकेतनं केलं होतं. वाडेवाल्या मालकाला प्रमाण मराठी, हिरोला प्रमाण मराठी, हिरॉईनला प्रमाण मराठी पण थोडी लाडिक, ती सान्वी नावाची तरुण मुलगी करत होती. पाद्र्याला संस्कृतप्रचुर. गुंडांना हिंदी मिसळलेली. चिनी धोब्याला नाकातून. आणि लगाम धरणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, झोपलेल्या, पिऊन पडलेल्या समस्त गरिबांना आगरी.

निकेत वाईट माणूस नव्हता, हे द्वारकाही कबूल करायची. रत्नागिरीकडचं घर, वडील भाईंदर पूर्वेला आले तेव्हा हा कडेवर होता. कॉलेजात एकांकिका गाजवलेल्या, त्यातल्या निम्म्या शोषितांवर. गेल्या पावसाळ्यात त्यानं 'पडद्यावरचं प्रतिनिधित्व' अशी दोन दिवसांची कार्यशाळा केली होती. त्याचं प्रमाणपत्र स्टुडिओत पाण्याच्या फिल्टरवर लावलेलं होतं. पाणी प्यायला गेलेल्या प्रत्येकाला ते वाचावं लागायचं.

"ताई, मी मुद्दाम आगरी घेतलीय," तो आता काचेतून समजावू लागला. "नाहीतर डबिंगमध्ये तुमची भाषा कुठे ऐकू येते? आपण तिला जागा देतोय."

"कुठली जागा? मोरीजवळची?"

"असं काय बोलता!"

"बरं, राहू दे. सूरज, मालकाचा लूप लाव. वाड्यातून बाहेर येतो तो."

"मावशी, तो तुमचा नाही—"

"लाव रे. खेळ आपला."

सूरजनं लावला. स्क्रीनवर मालक घोड्यावर, मिशांना तूप, हातात चाबूक. तो दोन्ही बाजूंना बघतो आणि गरजतो. गाऊनवाला श्वासाला थांबला. द्वारकानं गळा खाली नेला, छातीतून आवाज काढला आणि बरोब्बर त्याच्या ओठांवर ओठ ठेवून म्हणाली, "ए! कोन हाय रं तिथं? घोऱ्याला पानी दाव! आन् त्या पोरीला सांग, मालक आयलाय!"

सूरज खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. निकेतलाही हसू आवरेना.

"का हसलास?" द्वारकानं सूरजला विचारलं.

"अहो मावशी, एवढा मोठा मालक असा कसा बोलेल?"

"माझा आजा असाच बोलायचा. चाळीस माणसं हाताखाली होती त्याच्या मिठागरावर. तो 'घोऱ्याला पानी दाव' म्हणाला की माणसं धावायची. हसत नव्हती."

सूरजचं हसू तसंच तोंडावर राहिलं. कुठे ठेवावं ते त्याला कळेना. निकेतनं घड्याळाकडे पाहिलं. "ताई, लूप घेऊया. प्लीज."

द्वारकानं लूप दिला. 'पोरी, पानी न्हाय.' एका टेकमध्ये, ओठ मोजून. काम म्हणजे काम. भांडण वेगळं.

गुरुवारी एक रिकामी जागा आली.

परदेशी पिक्चरबरोबर एक इंग्रजी यादी येते, कोण कुठल्या सेकंदाला काय बोललं त्याची. तिच्यावरून निकेत मराठी लिहितो. तीन नंबरच्या यादीत अगदी शेवटी, एक तास सव्वीस मिनिटांवर, आईच्या नावापुढे एवढंच होतं: 'स्थानिक भाषेत बोलते.' बस्स. पुढे एक मिनिट पन्नास सेकंद कोरं. ज्यानं कुणी यादी केली त्याला ती भाषा येत नव्हती, आणि ज्याला येत होती त्याला विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. पिक्चर काढणाऱ्यांनीही खाली अक्षरं दिली नव्हती. सत्तर वर्षं ती बाई पडद्यावर एक मिनिट पन्नास सेकंद बोलतेय, आणि आपल्या गावाबाहेर ती काय म्हणते ते कुणाला माहीत नाही.

अशा जागांची स्टुडिओत एक रीत आहे. तिथे कलाकारानं काहीतरी बडबडायचं. 'आंबाला टुंबाला' छापाचं. आफ्रिकेचं जंगल असो की ॲमेझॉनचं, केबिन रोडवर सगळे आदिवासी एकच भाषा बोलतात.

"ताई, जरा विनोदी घ्या," निकेत म्हणाला. "गंभीर सीन आहे, मध्ये थोडा रिलीफ मिळेल."

"पुन्हा लाव," द्वारका म्हणाली.

सूरजनं लावला. मालक घोड्यावर. त्याच्या हातात कागद. समोर शेताच्या कडेला आई उभी. हिला कुणी काही चोपडलं नव्हतं, गरजच नव्हती. ही नटी नव्हे, शूटिंगच्या गावातलीच कुणीतरी उभी केली असावी. शेवटच्या नामावळीत घोडे पुरवणाऱ्याचं नाव होतं, हिचं नव्हतं. ती मालकाकडे बघते, मग खाली बघते, मग बोलायला लागते. हात नाहीत, रडणं नाही. नुसती मान वर करून बोलते. मधे एकदा वाकून माती उचलते. आणि शेवटी एक छोटासा शब्द बोलून गप्प होते. मग मालक घोड्यावरून उतरतो. का उतरतो ते पिक्चरमध्ये कुणालाच कळत नाही, कारण भाषण कुणाला कळलेलं नाही.

"पुन्हा."

सात वेळा लावलं. द्वारका कागदावर खुणा करत होती. ओठ कुठे मिटतात, कुठे श्वास, कुठे दात दिसतात. ओठ मिटले की तिथे प, ब, म हवा. तोंड वासलं की आ. एवढं सांभाळलं की जगातलं कुठलंही तोंड मराठी बोलतं.

"मला उद्या सकाळपर्यंत वेळ दे," ती म्हणाली.

"बडबडीला वेळ कशाला?"

"ही बडबडत नाहीये, निकेत. हिला मी ओळखते."

ओळखायचीच ती. तिची अनसूया आत्या हुबेहूब अशीच होती. द्वारका दहावीत असताना मुर्ध्याच्या शेतावर एका बिल्डरचा माणूस मोटरसायकलवरून आला होता. इंजिन चालू ठेवून, सीटवर बसूनच कागद पुढे केला. आत्यानं कागदाला हात लावला नाही. म्हणाली, आधी खाली उतर. तो हसला. ती म्हणाली, उतर. तो कायद्याचं सांगू लागला. ती म्हणाली, उतर. पाव तास एक बाई एवढंच म्हणत राहिली, आणि शेवटी तो उतरला. शेत काही राहिलं नाही, ते कुणाचंच राहिलं नाही. पण त्या दिवशी तो उतरला होता.

शुक्रवारी सकाळी द्वारका बूथमध्ये उभी राहिली. कागद हातात होता पण बघितला नाही. गाऊनवाला खाली ओरडत होता, तो थांबायची वाट पाहिली. सूरजचं बोट वर गेलं.

"घोऱ्यावरशी उतर. आदी उतर, मंग बोल. यो बांध माजे सासऱ्यानं घातला, तवा तुजा बापूस जल्मालाव नव्हता आला. कागुद दाखवतंस माना? कागदाव माजं नाव न्हाय, ठावं हाय. माजं नाव हितं हाय, ये मातीन. माजी पोर तुजे घरान भांडी घासते, म्हून तुना वाटतं ती तुजी झाली? दोन पोरां मी हे बांधाला पुरलीं. त्यांची नावां हायत का तुजे कागदाव? बग बरा. वाच बरा. न्हाय ना?... उतर."

स्क्रीनवर मालक घोड्यावरून उतरला. सत्तर वर्षांत पहिल्यांदा त्याला उतरायला कारण मिळालं होतं.

सूरजनं फाइल जतन केली, मग पुन्हा जतन केली. निकेत पाण्याच्या फिल्टरपाशी गेला, पेला भरला आणि प्यायलाच नाही.

"एक घेऊया का अजून?" द्वारकानं विचारलं. "'पुरलीं'वर ओठ थोडे मागे राहिले."

"नको," निकेत म्हणाला. "हात नका लावू त्याला."

हे वाक्य त्यानं जपून ठेवायला हवं होतं. पण शनिवारी संपदा आली.

संपदा म्हणजे ॲपची मोठी बाई. तिच्या पदाच्या नावात 'कंटेंट' आणि 'समावेशन' हे दोन्ही शब्द होते. मालाडहून कॅबनं निघालेली, ती कॅब केबिन रोडच्या तोंडाशी अडकली म्हणून शेवटचं अंतर चालत आली, आणि आल्या आल्या म्हणाली, "ओ गॉड, किती जिवंत आहे हा रस्ता!" खालच्या गाऊनवाल्याचा तिनं व्हिडिओ काढला होता.

तिनं तीन नंबर पाहिला. पळवत पळवत, मोबाइलवर उत्तरं देत. दारुड्या आगरीत बरळला तिथे हसली. 'पोरी, पानी न्हाय' ला तर टाळी दिली. "सो क्यूट!" मग शेवटचा लूप आला. मोबाइल खाली गेला. एक मिनिट पन्नास सेकंद तिनं पापणी हलवली नाही. शेवटच्या 'उतर'ला तिच्या दंडावर काटा आला आणि तिनं तो निकेतला दाखवलासुद्धा.

"कोण आहेत या?"

"या आमच्या द्वारकाताई."

"ताई! कमाल! मी रडले, बघा."

"बसा ना, मॅडम," द्वारका म्हणाली. तिला बरं वाटलं होतं, ते लपवायला तिनं खुर्ची पुसली.

"फक्त एकच," संपदा बसत म्हणाली. "हे भाषण आपण प्रमाण मराठीत घेऊया. हेच्या हेच, शब्द शुद्ध. तुम्हाला जमेल ना? नाहीतर सान्वीकडून घेऊ, आईच्या ओठांवर मुलीचा आवाज, पोएटिक वाटेल."

खाली 'दो सौ में दो'.

"का पण?" द्वारकानं अगदी साधेपणानं विचारलं.

"हा क्लायमॅक्स आहे ना, ताई. तिथे तिला डिग्निटी हवी."

"आणि मघाचं 'पानी न्हाय'?"

"ते राहू दे, ते किती गोड आहे!"

"दारुड्या?"

"तो तर हवाच. रिप्रेझेंटेशन आहे ते."

"म्हणजे पिक्चरभर ही बाई 'न्हाय' म्हणणार, आणि एक तास सव्वीस मिनिटांनी अचानक 'नाही' म्हणायला लागणार. मधे काय क्लास लावला तिनं?"

निकेत खोकला. "मॅडम, मला वाटतं ताईंचा टेक—"

"निकेत, तू त्या वर्कशॉपला होतास ना माझ्या?"

"होतो."

"मग?"

निकेत फिल्टरवरच्या प्रमाणपत्राकडे बघत बसला. सही तिचीच होती.

"तुम्हाला कळलं ना, मॅडम, ती काय म्हणते ते?" द्वारका म्हणाली.

"शब्द न शब्द!"

"रडलात ना?"

"रडले ना!"

"मग बदलायचं कुणासाठी?"

"मला कळलं हो. पण प्रेक्षकाला..." संपदानं हातानं खिडकीबाहेर कुठेतरी दाखवलं. बाहेर केबिन रोड होता. शनिवारची गर्दी होती. त्यातल्या अर्ध्यांनी रोज सकाळी द्वारकाचं ऐकून कचरा वेगळा केला होता. "शिवाय बघा, गंभीर सीनमध्ये बोली आली की लोक हसतात."

"तुम्ही नाही हसलात."

"माझं वेगळं आहे."

द्वारकानं मान डोलावली. वाद संपला असं वाटून संपदानं पर्समधून चार पानी तक्ता काढला आणि टेबलावर ठेवला. ॲपचा नवा नियम होता आणि तो तिनंच आणला होता. एकदा रेकॉर्ड झालेल्या लूपची भाषा बदलायची तर ती नोंद तक्त्यात हवी. पात्र, समाज, आधीची भाषा, नंतरची भाषा, बदलाचं कारण. कलाकारानं स्वतःच्या हातानं भरायचं, खाली अधिकाऱ्याची सही. त्याशिवाय एक सेकंदही बदलता येत नाही. आणि पिक्चर सोमवारी द्यायचा होता.

"हे जरा भरून द्या, ताई, की मग लगेच टेक घेऊ. मला पाचला निघायचंय."

द्वारकानं चष्मा सारखा केला, पेन घेतलं. तिचं अक्षर बारीक आणि सरळ होतं. बोलत बोलत लिहू लागली. "पात्र: आई. समाज: आदिवासी, मेक्सिको. आधीची भाषा: आगरी. नंतरची भाषा: प्रमाण मराठी." मग पेन थांबलं. "कारण काय लिहू, मॅडम?"

"लिहा ना, क्रिएटिव्ह कॉल."

"मॅडम," निकेत हळूच म्हणाला, "ते चालत नाही. खाली सूचना आहे. 'क्रिएटिव्ह कॉल असे लिहू नये.'"

"हो का? मग लिहा, प्रेक्षकांच्या सोयीसाठी."

"तेही नाही. दुसरी सूचना." निकेतनं पान तिच्याकडे वळवलं. "तुम्हीच घातलीय ती. 'सोय, रुची, बाजार ही कारणे ग्राह्य धरली जाणार नाहीत. खरे कारण एका वाक्यात लिहावे.'"

सूरजनं स्क्रीनकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"मी सुचवू?" द्वारका म्हणाली. "'ही भाषा हसण्यापुरती ठीक आहे, मानानं बोलायला चालत नाही.' एका वाक्यात बसतं. खाली तुमची सही."

"असं कुठे म्हणाले मी?"

"नाही म्हणालात?"

"अजिबात नाही! उलट मी तर बोलींच्या बाजूनं... माझं सगळं काम त्याच्यावर आहे!"

"मग चुकलं माझं. तुम्ही जे म्हणालात तेच लिहूया." द्वारकानं कागद स्वतःकडे सरळ केला, पेनाचं टोक 'कारण'च्या चौकटीवर टेकवलं आणि वर बघितलं. "सांगा. शब्द न शब्द लिहिते. दारुड्याची राहिली, मोलकरणीची राहिली, तिचीच का बदलायची?"

संपदानं निकेतकडे पाहिलं. निकेत कागदाकडे बघत होता. तिनं सूरजकडे पाहिलं. त्याची पाठ होती. काचेपलीकडे स्क्रीनवर आई थांबलेली होती, मूठभर माती हातात धरून.

"बोला, मॅडम. घाई नाही."

संपदानं सही न करताच मोबाइल उचलला, चार्जर गुंडाळला, पर्सची चेन लावली. ओढणी खुर्चीत अडकली होती, ती ओढून घेतली. जाड दार ढकलून ती जिन्याकडे वळली आणि खाली उतरायला लागली.